शिकाऊ डॉक्टरांचं क्वार्टर

अप्पा, दवाखान्याच्या मागचं ते क्वार्टर उघडलंय. खिडकीतून आत शिरलेली बाभळ, कुणाच्या तरी तुरीच्या गोण्या, आढ्याला कबुतरं, ते सगळं गेलं. भिंतींना रंग लागलाय, दारं नवीन बसलीत आणि वायरिंग मी केलंय. सकाळी शिडी खांद्यावर घेऊन निघालो की हॉटेलासमोर बसलेले विचारायचे, "काय रे, झालं का डॉक्टरचं घर?" आणि मी तिथंच थांबून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला लागायचो. आई म्हणते, "तुझं तोंड दुखत न्हाई व्हय?" न्हाई दुखत. तुम्हालाही पहिल्यापासूनच सांगायलोय, ऐका.

सरकारनं ठरवलंय की मोठ्या शहरात मशीनवर बसणारे डॉक्टर भरपूर झाले, आता साध्या दुखण्याला पहिल्यांदा बघणारा, घरातल्या म्हाताऱ्यापासून लेकरापर्यंत सगळ्यांना ओळखणारा डॉक्टर तयार करायचा. त्याचं तीन वर्षांचं शिक्षण आता भालकीच्या दवाखान्यात आणि आपल्यासारख्या गावांत होणार. शिकतानाचा पगार सरकार देणार, शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना सरकार देणार, राहायच्या खोलीचा खर्चही सरकारचाच. कळतंय का अप्पा, केवढी गोष्ट आहे ही? आपल्याकडं जो यायचा तो सक्तीचं वर्ष काढायला यायचा. दिवसा पेशंट, संध्याकाळी कंदिलात पुस्तक, आणि पुढच्या शिक्षणाला नंबर लागला की बॅग उचलून चालता. आता ते पुढचं शिक्षणच इथं आलंय. निघून जायचं तर शिक्षण सोडून जावं लागेल!

आणि मला तुम्ही आठवायला लागलात. नवा डॉक्टर आला की त्याला तपासायला पहिले तुम्ही. जाऊन स्टुलावर बसायचं, मनगट पुढं करायचं आणि गप्प. काय होतंय ते सांगायचं न्हाई. हकीम नाडी बघूनच सगळं ओळखायचे, हे तुमच्या वडिलांपासून ऐकलेलं, म्हणून ज्याला सांगावं लागतं तो डॉक्टरच न्हाई, असं तुमचं मत. सगळ्या गावाचंच तसं होतं, पण तुम्ही सगळ्यांत पक्के. मी सातवीत असताना तो चष्मेवाला तरुण डॉक्टर आलेला. तुम्ही मनगट पुढं केलंय, तो घड्याळाकडं बघतोय, खोलीत माशी फिरतेय, आणि मला धीर धरवत न्हाई. मी बोललो, "अप्पाच्या छातीत दुखतंय. चढावर थांबतेत." तुम्ही हात ओढून घेतलात. त्यानं "थांबा, झोपा जरा, हृदयाची पट्टी काढतो" म्हणेपर्यंत तुम्ही चपला घालून बाहेर. घरी चुलीसमोर आई भाकरी थापत होती. तुम्ही पाट ओढून बसलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "तू कामून सांगितलास? सांगून दुखणं कळत असतं तर पोस्टमन बी कळवला असता." आई हसली, मीही हसलो. तुम्ही मात्र हसला न्हाईत. मग डॉक्टर शिकायला निघून गेला, क्वार्टरला कुलूप लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात उदगीरच्या वाटेवर जीपमध्ये, आईच्या मांडीवर... असू द्या. आज ते नको.

आज तिच्याबद्दल सांगायचंय. भालकीत बारावीला माझ्या वर्गात होती, मास्तरांची मुलगी. ती बीदरला डॉक्टरकीला गेली, मी गुलबर्ग्याला इंजिनिअरिंगला. माझी हजेरी कमी पडली. कामून कमी पडली ते गुलबर्गा ते बीदर बसच्या कंडक्टरला विचारा, मला खिडकीची सीट राखून ठेवायचा. सरांनी सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारलं, "कुठं असतोस रे?" मी उलट बोललो, ते बोलले, मी जास्त बोललो, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यातच पेटी घेऊन गावात. तेवढी वायर जोडायची विद्या हातात राहिली. तिला हे कळालं तेव्हा ती महिनाभर बोलली न्हाई. पुढं बोलायला लागली, पण मी तिला जे म्हणायचं ते कधी म्हणालो न्हाई.

तर गेल्या महिन्यात शिकवणारे मोठे डॉक्टर गावात आले, बुद्धविहारासमोर माणसं जमवली. नुकत्याच डॉक्टर झालेल्यांपैकी ज्यांना हे शिक्षण घ्यावं का न्हाई असा प्रश्न पडलाय त्यांनाही गाव बघायला बोलावलेलं, त्यात ती! मी दिसताच भुवया उडवल्या. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की शिकणारे तुम्हाला तपासतील, मी मागं असेन. झालं, गलका सुरू. तुमचे दोस्त, हॉटेलवाले काका, उठून म्हणाले, "शिकाऊ? आमच्यावर शिकणार? आम्ही काय बेडूक हाव का?" मागून कुणीतरी म्हणालं, "काका, बेडूक तरी उडी मारतो, तुम्हाला उठवत न्हाई." सगळे हसले. मी पेटलो. उठून म्हणालो, "शिकलेला कोण थांबला इथं आजवर? नाव सांगा की एकाचं! शिकायला आलेल्याला हाकलता आणि मग जीप भरून उदगीरला जाता!" काका म्हणाले, "तू खाली बस. स्वतः शिकला न्हाई आणि दुसऱ्याच्या शिक्षणाची वकिली करायलाय." परत हशा.

मग काकांनी तिच्यासमोर येऊन मनगट पुढं केलं. गप्प.  तिनं मनगट धरलं, पुष्कळ वेळ धरलं. मला वाटलं आता काहीतरी ठोकून देईल. ती म्हणाली, "काका, नाडी बरी चाललीय. त्यापुढं मला काही कळालं न्हाई." लोक एकमेकांकडं बघायला लागले. काका म्हणाले, "कळालं न्हाई?" "न्हाई कळालं. तुम्ही सांगा, मी बसते. मला घाई न्हाई." आणि खरंच सतरंजीवर त्यांच्या पायाशी बसली. काका जरा वेळ मिशी ओढत राहिले. मग म्हणाले, पायात मुंग्या येतेत. मग म्हणाले, शुगरची गोळी बंद केलोय. कधीपासून? तर काकी गेल्यापासून. गोळी काकी द्यायची, पाण्याच्या तांब्यासोबत. त्यांच्या हातात कुणी गोळी दिली न्हाई, म्हणून त्यांनी घेतली न्हाई, आणि हे कुणाला सांगायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.  मी खांबाला टेकून उभा होतो आणि दवाखान्यातल्या त्या स्टुलावर तुम्ही बसलेले मला दिसायला लागलात.

संध्याकाळी तिला गाडीवरून स्टँडवर सोडलं. ती म्हणाली, परीक्षेत तिचा नंबर असा आलाय की बेंगळूरला रेडिओलॉजी मिळू शकते, घरच्यांना तेच पाहिजे. पुढच्या आठवड्यात जागा निवडायची. मी म्हणालो, "जा की! बस तिथं अंधाऱ्या खोलीत, हाडांचे फोटो बघत! काका मरू देत इथं!" ती शांतपणे म्हणाली, "तू कुणासाठी ओरडायलास? गावासाठी का तुझ्यासाठी?" "गावासाठी!" एवढ्या मोठ्यानं म्हणालो की बसमधली माणसं बाहेर बघायला लागली. ती बसमध्ये चढली, मागं बघितली न्हाई.

तो आठवडा कसा काढला विचारू नका. दोनदा शॉक बसला, एकदा फेज आणि न्यूट्रल उलटं जोडलं. मग फोन. "घेतले मी." "काय?" "हेच, भालकीचं. घरी अण्णा चिडलेत. तू खूश होऊ नको, तुझ्यासाठी घेतले न्हाई." मी शिडीवरच होतो! खाली कसा आलो आठवत न्हाई. काकांच्या हॉटेलातली सगळी जिलेबी वाटून टाकली. काका म्हणाले, "लग्न ठरलं का रे?" मी म्हणालो, "डॉक्टर ठरला!"

दोन दिवसांनी परत फोन. गावं वाटून झाली होती. तिला मुडबी मिळाली. आपल्या गावाला लांब दक्षिणेतल्या हासनकडचा एक मुलगा. ती हसत होती, "तुमच्या गावाला डॉक्टर मिळाला की. गावासाठीच ओरडत होतास ना?" मी "व्हय" म्हणालो. 

काल तो आला. बारीकसा, मराठी एक अक्षर येत न्हाई, हातात एवढी मोठी पुस्तकांची पेटी. मी कन्नडात पहिलं विचारलं, लग्न झालंय का? आई मागून ओरडली, "आधी पाणी तर दे की रे त्याला!" लग्न झालेलं न्हाई. आणि दर शनिवारी सगळ्या शिकाऊंचा वर्ग भालकीला, मुडबीच्या डॉक्टरबाईही तिथंच येणार. त्याच्याकडं गाडी न्हाई. मी लगेच म्हणालो, काळजी करू नका सर, दर शनिवारी मी नेऊन सोडतो, वर्ग सुटेपर्यंत थांबतो. तो एवढे आभार मानायला लागला की मलाच लाज वाटली. आज सकाळी दवाखान्यात रांग लागलीय अप्पा, खरी रांग! आई तिच्या गुडघ्याचं सगळं त्याला मराठीत सांगून आली आणि मी कन्नडात. परत येताना म्हणाली, "कुणाचं पोर आहे कोण जाणे, पण शेवटपर्यंत ऐकून घेतला."

हे लिहिलेलं मुडबीवालीला वाचून दाखवावं असं वाटलं होतं, पण आता दाखवणार न्हाई, कारण एक राहिलंय. गावात सगळे म्हणायलेत की पोरानं गावासाठी लई केलं. तिला मुडबी मिळाल्याचा फोन आला त्या दिवशी मी पक्कड खाली टाकली आणि दुपारपर्यंत क्वार्टरच्या त्या रिकाम्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसून राहिलो. जो विचारायला आला त्याला सांगितलं, लाईट न्हाई, काम बंद आहे. लाईट होती, अप्पा.