तिसरी पिन

प्रिय बुटके,

रविवारी तू दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिलीस. आत गिऱ्हाईक होतं, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुझं मागणं एकच होतं, की गुरुवारी कोर्टात मी तुझ्या थोरल्याला ओळखू नये. मी मागच्या खोलीत होते, यांना मारणाऱ्याचं तोंड दिसलं नाही, एवढंच म्हण म्हणालीस. शेजारच्या शिंप्याने तसंच म्हटलंय, समोरच्या चष्मेवाल्यानेही म्हटलंय. उरले मी. मी ओळखलं तर तो जन्मभर आत सडेल, नाही ओळखलं तर तुझा उरलेला एक मुलगा घरी येईल. मग डोळे पुसलेस आणि जाता जाता विचारलंस, दुकान कसं चाललंय.

दुकान चाललंय. फरशीवरचा डाग काही गेला नाही. ॲसिड टाकून पाहिलं, ब्रशने घासलं, शेवटी त्यावर स्टूल ठेवलं आणि आता मी त्याच स्टुलावर बसते. परदेशी जाणारे अजून येतात. इथे सामान उलटं करून बघतात हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. आमच्या यांची पद्धत तुला ठाऊकच आहे. अमक्या देशात चाललोय, अडॅप्टर द्या, असं नुसतं म्हटलेलं यांना चालायचं नाही. जे जे भिंतीत खुपसणार आहात ते सगळं घेऊन या, म्हणायचे. मग एकेक वस्तू पालथी घालून मागची बारीक अक्षरं वाचायचे. माझी शाळा लहानपणीच सुटली. आता मी ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणते, पण वाचायला खरी शिकले ती चार्जरच्या पाठीवर, यांच्या बोटामागे डोळे फिरवत. शंभर ते दोनशे चाळीस लिहिलं असेल तर खुशाल न्या, फक्त पिनांचा आकार जुळवा. एकच आकडा असेल तर थांबा, आधी तिकडचं व्होल्टेज विचारा, कारण अडॅप्टर आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. आणि जी वस्तू तापते ती घरीच ठेवा. परवा एक नवी नवरी केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. मी म्हटलं, अगं बाई, तिकडच्या बायका काय ओल्या केसांनी फिरतात, तिकडेच घे की. तिची सासू म्हणाली, मी हेच सांगत होते, पण सासूचं बोलणं पटायला दुकानदार लागतो. सगळे हसले. मीही हसले. मग यंत्र परत द्यायला हात पुढे केला तेव्हा मनगटावरचा व्रण त्या पोरीला दिसला आणि तिने ते पटकन पिशवीत कोंबलं.

तो व्रण काचेचा आहे. तुझ्या थोरल्याने मला ढकललं तेव्हा हात काउंटरच्या काचेतून आरपार गेला. मला ढकलताना तो काय म्हणाला माहीत आहे? मावशी, तू बाजूला हो. लहानपणी मी त्याला न्हाऊ घातलंय, म्हणून मावशी. तेवढा मान ठेवला आणि पुन्हा वळून यांच्या डोक्यात भिंतीवरचा फळा घातला.

पण आधी धाकट्याचं बोलू. त्याच्याबद्दल तू रविवारी एक शब्द काढला नाहीस. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं दुकानात आलात, तो आणि तू. पिशवीभर सामान घेऊन. फोन, लॅपटॉप, दाढीचं यंत्र, सगळं यांनी पालथं घालून पाहिलं आणि ठीक म्हणाले. मग तू पिशवीच्या तळातून तुमची इस्त्री काढलीस. ती जुनी, लोखंडी, तुझ्या सासऱ्यांची. यांनी वायर मानेपाशी वाकवून पाहिली, तिसरी पिन न जोडता इस्त्री लावली, तिच्या अंगाला टेस्टर टेकवला आणि टेस्टरचा दिवा लागला. घरी ती इतकी वर्षं चालली कारण गळणारा करंट तिसऱ्या पिनेतून जमिनीत जात होता. यांनी धाकट्याला जवळ बोलावून बाजारातला एक स्वस्तातला सगळ्या देशांचा अडॅप्टर उघडून दाखवला. बघ, म्हणाले, तिसऱ्या पिनेसाठी छिद्र आहे ना? आता आत बघ. छिद्रामागे काहीच नाही. पिन आत जाते आणि हवेत लोंबकळते. ही इस्त्री अशा अडॅप्टरला लावलीस तर सगळा करंट तुझ्या हातात. असं सांगून यांनी इस्त्रीच्या मुठीला लाल पट्टी गुंडाळली. लाल म्हणजे न्यायची नाही, हे आमच्या गिऱ्हाइकांना सांगावं लागत नाही. तू म्हणालीस, भाऊजी, तुम्ही तर हिला आजारीच पाडलीत. धाकटा हसला. त्याच्या वस्तूंसाठी यांनी दोन अडॅप्टर दिले, दोन्हींच्या पोटावर आमच्या दुकानाचा शिक्का होता, आणि वर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

त्याचा जीव तिकडे कसा गेला हे तू मला सांगितलंस आणि मी ते यांच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. नोकरीचा पहिला दिवस, आंघोळ करून ओल्या पायांनी उभा, शर्टाच्या एका बाहीला इस्त्री झालेली. हात मुठीला नव्हे तर लोखंडाला लागला आणि सुटलाच नाही. खोलीतल्या दुसऱ्या मुलाला जळका वास आला म्हणून त्याने दार ढकललं. पंजा काळा पडला होता, जीभ चावली गेली होती आणि एवढ्या वेळात उरलेला शर्टही जळून गेला होता. शव आलं त्या दिवशी आतल्या खोलीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून तू हे सगळं बोललीस. आणि बाकीचंही बोललीस. पट्टी तू काढलीस. यांचं म्हणणं तुला फाजील काळजीचं वाटलं, मुलगा परक्या गावात चुरगळलेले कपडे घालेल हे तुला बघवेना. पट्टी सोलली, चिकट डाग रॉकेलने पुसला, इस्त्री कपड्यांच्या मध्ये दडवली आणि बाजारातून तो सगळ्या देशांचा अडॅप्टर आणून तिच्याजवळ ठेवला. फोनवर त्याला म्हणालीस, भाऊजींनी दुरुस्त करून दिलीय. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला, बाहेर माणसं होती म्हणून. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, तुझ्या-माझ्यात राहू दे, त्या बाईला अजून जगायचंय.

इस्त्री तिकडच्या पोलिसांनी ठेवून घेतली. अडॅप्टर तेवढा सामानात परत आला, एका बाजूने वितळलेला, आणि तो थोरल्याच्या हाती लागला. त्याला माहीत होतं की भाऊ जायच्या आधी आमच्याकडून अडॅप्टर घेऊन गेला होता. भर दुपारी तो दुकानात आला. मी मागे फळ्यांआड स्टुलावर बसून पिना निवडत होते. अडॅप्टर काउंटरवर आपटल्याचा आवाज आला. हा तुमचा, तो म्हणाला. आता हे कसे होते बघ. समोर पेटलेला माणूस उभा, आणि यांनी सवयीने चष्मा नाकावर घेतला आणि ती जळकी वस्तू पालथी घालून वाचायला लागले. आयुष्यभर जळकं सामान हातात घेऊन हेच तर केलं होतं. तो ओरडला, माझा भाऊ गेलाय आणि तुम्ही अक्षरं काय वाचताय. हे म्हणाले, यावर शिक्का नाही रे बाळा, हा आपला नाही. मग कुणाचा, त्याने विचारलं.

बुटके, मी ते मागून ऐकलं. यानंतर मला यांचं बोलणं ऐकू यायला हवं होतं. एक वाक्य होतं यांच्याजवळ. घरी जाऊन आईला विचार, एवढंच. ते म्हणाले असते तर आज दुपारी मला म्हणाले असते की चहा कर. पण हे गप्प राहिले. चष्मा काढून काउंटरवर ठेवल्याचा बारीक आवाज आला. त्या गप्प राहण्याला थोरला कबुली समजला.

भिंतीवर यांचा सागाचा फळा होता, देशोदेशीची सॉकेट बसवलेला, ज्यात लावून प्रत्येक प्लग दाखवायचे. तो थोरल्याने खिळ्यांसकट उपटला. मी बाहेर आले तेव्हा पहिला घाव कानावर बसला होता आणि हे काउंटरला धरून उभे होते. दुसऱ्याला गुडघ्यावर आले. मी त्याचा शर्ट धरला, तेव्हा काच फुटली. मी काचांमध्ये पडून पाहत होते. पितळी सॉकेट बाहेर आलेली ती बाजू तो मुद्दाम वळवून घेत होता. हे आडवे झाल्यावरही तो थांबला नाही. हाड मोडण्याचा आवाज कोरडा असतो, नंतर नंतर ओला होतो. दात फरशीवर घरंगळत माझ्यापर्यंत आले. शिंपी दारात उभा होता, हातात कात्री तशीच. चष्मेवाला शटर ओढत होता. तोंड दिसलं नाही म्हणू? घाम पुसायला तो थांबला तेव्हा माझ्याकडेच बघत होता.

मी पुस्तकं वाचते, त्यांत माणसं माफ करतात. मला नाही जमत. दुकानात हातोडी हातात आली की मी ती खाली ठेवून थोडा वेळ बाहेर उभी राहते, कारण मनात तुझ्या थोरल्याचं कपाळ येतं. कधी कधी तुझंही. हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही, आपण एका ताटात जेवलेल्या बायका आहोत.

गुरुवारी मी त्याला ओळखणार आहे. बोट दाखवून सांगणार आहे. मग त्याचा वकील उठेल आणि विचारेल की अडॅप्टर तुमच्याच दुकानातला होता ना, आरोपीचा भाऊ त्यानेच गेला ना. यांनी तुझ्यासाठी तोंड मिटलं आणि त्याची किंमत मी पाहिली. मी मिटणार नाही. पट्टी कुणी काढली, अडॅप्टर कुणी आणला, सगळं सांगेन. पण ते ऐकताना तो पिंजऱ्यात उभा असेल, तू समोर बाकावर, आणि सगळं कोर्ट त्याच्या तोंडाकडे बघत असेल. तसं व्हायला नको, एवढ्यासाठीच हे पत्र. बुधवारी तुरुंगात भेटीचा दिवस असतो, मी चौकशी केलीय. तू जा. जाळीपलीकडून का होईना, तूच सांग. तो ओरडेल, तुला नको नको ते बोलेल, जाळीवर डोकं आपटेल. तू उठू नकोस. तुझ्याकडून कळलं तर त्याला अंधारात एकट्याने रडायला एक रात्र मिळेल. माझ्याकडून कळलं तर तीही मिळायची नाही.

अजूनही तुझीच,
उंटीण