रविवारचा रिकामा वर्ग

पांढरकवडा, रविवार, २२ नोव्हेंबर १९५९

आज वर्गाला एकही मुलगी आली नाही. पाचपर्यंत सतरंजी अंथरून बसले होते. नागपूरच्या कॉलेजाने मला जे दिले, ते इथल्या मुलींना द्यावे म्हणून हा विनामूल्य संस्कृतवर्ग चालवते. त्यात वक्तशीरपणाची अपेक्षा धरणे हा काय गुन्हा?

गेल्या रविवारी तांड्यावरची शेवंती उशिरा आली. “बाई, कापूस येचून राह्यली होती, म्हून येळ झाला.” बोंडांनी ओरखडलेले तिचे हात मला दिसले, तरीही तिला दारातून परत पाठवले. बाकीच्या चौघी उठून तिच्यामागे गेल्या. एक म्हणाली, “तुमी शिकवता चांगलं बाई, पन भेव लय वाटते तुमचा.”

कॉलेजातल्या माझ्या पहिल्याच तासाला गाडी चुकल्यामुळे मी उशिरा पोचले होते. सरांनी व्याख्यान थांबवून मला पुढच्या बाकावर जागा करून दिली. हे कधी कोणाला सांगितले नाही. माझ्या शिस्तीचे श्रेय मात्र त्याच कॉलेजाला देत आले.

सतरंजी अजून तशीच आहे. घडी घालवत नाही.

उद्या शाळा सुटल्यावर तांड्यावर जाईन. शेवंतीला काय म्हणावे, ते वाक्य चार वेळा लिहिले. चारही वेळा त्यात मीच बरोबर ठरते.