पुस्तक आलं, सर

बुलढाणा, गुरुवार, संध्याकाळ

दुपारी यांच्या मोबाइलवर पुस्तकाच्या दुकानातून फोन आला. “पुस्तक आलं, सर.” यांना जाऊन दोन महिने झाले, तरी मी तो मोबाइल रोज चार्जिंगला लावते. कशासाठी?

कोर्टामागच्या त्या दुकानात गेले. दुकानदार भाऊंनी पुस्तक पुढे केलं.

“वहिनी, सर काऊन नाही आले?”

“बरं नाही त्यायले.”

असं का बोलले मी? लाज वाटायला हवी होती. पण दुकानात होते तेवढा वेळ हे घरी आजारी होते, माझी वाट पाहत होते. खोटं बोलून बरं वाटलं, तेच टोचतंय.

निघताना भाऊ म्हणाले, “दुसरा भाग पुढच्या महिन्यात येते. कोणाले फोन करू?”

“त्यायलेच करा,” मी म्हटलं.