काकांचा ऑर्गन आणि तुमची कॅसेट

बाई,

तुम्ही दिलेली तंबोऱ्याची कॅसेट अजून वाजते. प्लेअरचा पट्टा सैल झालाय, त्यामुळे ती जरा सावकाश फिरते आणि तंबोरा केसभर उतरलेला ऐकू येतो. हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. तरी रोज सकाळी ऑफिसचा पहिला कॉल सुरू व्हायच्या आधी मी तीच लावून बसते. फोनवर अचूक तंबोरा मिळतो, पण त्यात मागे तुमच्या कुकरची शिट्टी होत नाही.

मी आता एका रॉक बँडमध्ये गाते आणि बेस वाजवते, हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असता. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. खालचा सूर धरून ठेवायचा आणि बाकीच्यांना वर हिंडू द्यायचं. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही चौघं आहोत. गिटारवर माझ्याच ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा, मुलगा म्हणजे तोही अडतीसचा. ड्रमवर शाळेत शिकवणारी एक अमेरिकन बाई. आणि ऑर्गनवर काका. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त डॉक्टर. तरुणपणी इथे आले तेव्हा बंद पडलेल्या एका चर्चमधून त्यांनी हा ऑर्गन उचलून आणला. लाकडी कपाटाएवढा आहे. आमच्यामागे कुठली कंपनी नाही. गाणी आम्हीच लिहितो, गिटारवाल्याच्या बेसमेंटमध्ये रेकॉर्ड करतो आणि इंटरनेटवर सोडतो. ऐकणारे थोडे आहेत, पण ते वाट बघतात.

यंदाच्या नव्या गाण्यात काकांच्या वाट्याला शेवटचा तुकडा होता. जेमतेम दीड मिनिटाचा. त्यासाठी ते तीन महिने रोज बसत होते. त्यांचा उजवा हात आता थरथरतो, आणि हिवाळ्यात त्यांना कानाची मशीनं लागली. "हे एवढं माझं होऊन जाऊ दे, मग ऑर्गन विकायला मोकळा," असं ते चेष्टेत म्हणायचे. काकू मात्र तेव्हा हसायच्या नाहीत.

ड्रम, गिटार, बेस आणि माझा आवाज आधीच रेकॉर्ड झाला होता. त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी बेसमेंटमध्ये ट्यूनरची बॅटरी गेली होती. "तू घरून लावून आलीयेस ना? मग तुझ्यावरूनच लावतो यार," म्हणत गिटारवाल्याने माझ्या बेसवरून गिटार लावली. मी बेस सकाळी तुमच्या कॅसेटवर लावला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मला वाटलं, सगळेच एका सुरात आहेत, बिघडतंय काय. आणि मी गायले. बाई, मी इतकी चांगली कधीच गायले नव्हते. तुमच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकून मी गायचे आणि तुम्ही भाजी परतताना पाठमोऱ्याच मान हलवायचात, ती मान मला दिसत होती.

मग परवाचा शनिवार. ऑर्गन हलत नाही, म्हणून गिटारवाला आणि मी लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो. रविवारी सहापर्यंत गाणं अपलोड करायचं होतं, नाहीतर जाहीर केलेली तारीख हुकणार होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार. त्यांनी पहिला स्वर दाबला आणि मला चूक लगेच ऐकू आली. त्या ऑर्गनला खुंट्या नाहीत. आत लोखंडी चाकं फिरतात, त्यांचा सूर कायमचा ठरलेला. आमचं गाणं त्याच्या केसभर खाली होतं. काका थांबले, पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा त्यांनी कानातली मशीनं काढून टेबलावर ठेवली आणि तसंच वाजवून पाहिलं.

"बेसूर येतंय का रे?"

"थोडंसं, काका. ऑर्गन जुना आहे ना," गिटारवाला म्हणाला.

"चाळीस वर्षांत नाही बिघडला तो." त्यांनी हात मांडीवर ठेवला. "माझे कान गेले. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो त्याला."

"इट्स ओके, काका. आपण हे ऑर्गनशिवाय रिलीज करू. पुढच्या गाण्यात घेऊ."

"पुढच्या," काका म्हणाले.

मी खिडकीशी उभी. काकू पोह्यांच्या बशा घेऊन दारात थांबल्या होत्या, आत यावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. मी बोलले नाही. बोलले तर सगळं पुन्हा करावं लागेल, माझा तो आवाज जाईल, एवढंच डोक्यात. पोहे खाल्ले. निघताना काका ऑर्गनवर चादर घालत होते, चारी कोपरे नीट ओढून.

गाडीत मला तुमचं नागपूरचं स्वयंपाकघर आठवलं. तुमच्या तंबोऱ्याला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही हा नियम. मी तेरा वर्षांची. तुम्ही गॅस बंद करून आमच्यात येऊन बसता, आणि मी म्हणते, बाई, पंचम उतरलाय. तुम्ही तार छेडता. तंबोऱ्याजवळ ती नवीन मुलगी बसलेली, दोन वेण्यांची, जी मान वर करून बोलायचीसुद्धा नाही. "खुंटीला हात कुणी लावला?" तुम्ही तिच्याकडेच बघून विचारता. ती नुसती रडते. "दोन महिने येऊ नकोस," तुम्ही म्हणता, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना, "कान बघा हिचा." ती दोन महिन्यांनी आली नाही, नंतरही नाही. पुढे मी अमेरिकेला निघाले तेव्हा तुम्ही, शिकवणी कधीच रेकॉर्ड करू न देणाऱ्या तुम्ही, अख्खी एक बाजू तंबोरा भरून मला दिलीत. "गाणं नाही देत. सूर देतेय. तुझा कान खरा आहे."

रविवारी सकाळी मी गिटारवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "यार, हे कालच बोलायचं ना. काकांच्या हेडफोनमध्ये गाणं केसभर वर करून देतो, ते वाजवतील, मग त्यांचा तुकडा खाली आणतो. पाच मिनिटांचं काम आहे. तुझ्या आवाजाला हातसुद्धा लागत नाही."

पाच मिनिटं. काकांकडे मी एकटीच आधी गेले. ते अंगणात पानं गोळा करत होते. सगळं ऐकून घेतलं, पानं ओढायचा रेक झाडाला टेकवून ठेवला. "म्हणजे काल तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "पोहे खाताना पण?" मी पुन्हा हो म्हटलं. "मी काल झोपलो नाही गं," एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन चादर काढली. दुसऱ्याच खेपेला झालं. एका ठिकाणी हात थरथरला, तो स्वर आम्ही तसाच ठेवला. गाणं सहाला वीस मिनिटं असताना गेलं. काका माझ्याशी पूर्वीसारखे बोलतात, पण निघताना डोक्यावर टपली मारायचे, ती मारली नाही.

हे सगळं लिहून कागदाची घडी कॅसेटच्या डबीत बसवायला गेले, तर झाकण लागत नाही. तशीही ही चिठ्ठी कुठे जायची नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्या मुलीचं आडनावसुद्धा मला आठवत नाही, कितीदा आठवून पाहिलं.

पंचमाची खुंटी मी फिरवली होती, बाई. मला तो जरा कमी वाटला, नीट करायला गेले, आणि परत जागेवर आणता येईना.