एखादा प्रसंग हवा होता

आप्पा, तुमची नात आठवीत आहे आणि तिला तुमच्यावर निबंध लिहायचा आहे. विषय 'माझे आजोबा'. तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी ती जन्मली, त्यामुळे तुम्ही तिला फक्त हॉलमधल्या फोटोपुरते माहीत. गेल्या आठवड्यात मी रांजणगावहून कंपनीच्या बसने शिरूरला उतरले, घरी आले, अजून हातपायही धुतले नव्हते, तेवढ्यात ती वही घेऊन समोर उभी. "आई, आजोबांचा एखादा प्रसंग सांग. मॅम म्हणाल्या, प्रसंग नसेल तर मार्क नाहीत." मी म्हटलं, आठवून सांगते. तोवर तिने मोबाईलला विचारून ठेवलंच होतं. मोबाईलच्या म्हणण्याप्रमाणे आजोबा संध्याकाळी बागेत नेतात, खिशातून चॉकलेट काढून देतात आणि मांडीवर घेऊन गोष्टी सांगतात. मला हसू आलं. तुमच्या खिशात लाल पेन आणि सायकलच्या कुलपाची किल्ली सोडून मी कधी काही पाहिलं नाही. मेथी निवडताना मी आठवत बसले. मेथी संपली, फोडणी झाली, कुकर उतरला, तरी प्रसंग सापडेना. सवयी ढीगभर सापडल्या. जेवताना कुणी बोललेलं तुम्हाला चालायचं नाही, पेपरची घडी मोडलेली चालायची नाही, रविवारी साठ वह्या तपासून होईपर्यंत घरात रेडिओ लागायचा नाही. प्रसंग म्हणावा असा एकच आठवला, आणि तो माझा नव्हता. तिचा होता.

तुम्हाला कोण ते सांगायला नको. नववीत माझ्या वर्गात होती, वस्तीवरची, धनगराची मुलगी. तिचे वडील वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागे. लोक खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलवायचे, तसं त्यांचं बिऱ्हाड हलायचं, आणि बिऱ्हाड लांब गेलं की ती पंधरा-पंधरा दिवस शाळेतून गायब. तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात. शाळेत तुम्हाला सर म्हणायचं, हा नियम तुम्हीच मला घालून दिलेला. त्या वर्षी तुम्ही 'माझी आदर्श व्यक्ती' हा निबंध दिलात. वर्गाने गाईडातून थोर पुरुष उतरवून आणले. दोघींनी मात्र तुमच्यावर लिहिलं, एक मी आणि एक ती. मी जे होतं ते लिहिलं. तुम्ही किती वाजता उठता, कसे शिकवता, खडू वाया कसा घालवत नाही. एक अक्षर खोटं नव्हतं. तुम्ही दहापैकी पाच दिलेत आणि खाली लाल शाईने लिहिलंत, 'माहिती बरी. एखादा प्रसंग हवा होता.' तिला नऊ मिळाले. तुम्ही नऊ कुणालाच देत नव्हता. मधल्या सुट्टीत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही आणि डब्यातलं लोणचंही दिलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरले असते. पण वर्षाच्या शेवटी आपल्या शाळेचं हस्तलिखित निघायचं. निवडक निबंध आणि कविता कुणीतरी सुंदर अक्षरात उतरवून काढायच्या, वर रंगीत वेष्टण घालायचं आणि गॅदरिंगला पाहुण्यांच्या हातून ते प्रकाशित करायचं. अक्षर सगळ्या शाळेत माझं चांगलं, त्यामुळे ते काम माझंच. रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात पाटावर कागद ठेवून बसले आहे, आई शेजारी शेंगा फोडते आहे, आणि तुम्ही येऊन तिची वही माझ्यापुढे ठेवता. वर तुमचं शाईचं पेन. त्या पेनाला आई पुसायलासुद्धा हात लावत नसे. "ह्यानं लिही. खाडाखोड नको." तुम्ही मला आपणहून दिलेली तेवढी एकच वस्तू, आणि ती दिलीत तिचं कौतुक लिहायला.

तिचा निबंध मला आजही तोंडपाठ आहे. एकदा त्यांचं बिऱ्हाड लांबच्या रानात होतं, तिची शाळा बुडत होती, तर सर सायकलवरून शोधत तिथे आले. घोंगडीवर बसले. तिच्या आईने दिलेली भाकरी मोडून अर्धी त्यांनी तिला दिली. बुडालेली कविता तिथेच म्हणून दाखवली, आणि निघताना डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू माझी मुलगीच आहेस. तिथे माझा हात थांबला. आई म्हणाली, "काय गं, शाई संपली का?" मी उठून तुमच्याकडे आले. तुम्ही बाहेर ओट्यावर पेपर वाचत होता. मी विचारलं, "आप्पा, हे खरं हाय?" तुम्ही पेपर खाली केला नाहीत. "तुला उतरवून काढायला दिलंय. मत द्यायला न्हाई." मी परत जाऊन पाटापुढे बसले आणि ते वाक्य इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं की तसं पुन्हा मला जमलं नाही. माझ्या पोटात काय चाललंय ते निदान अक्षरावरून कुणाला कळू नये, एवढीच इच्छा होती. गॅदरिंगला पाहुण्यांनी नेमकं तेच पान उघडून वाचलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी पहिल्या रांगेत बसून, मास्तरची पोर म्हणून, सगळ्यांच्या आधी वाजवत होते.

तेव्हापासून मी मोजायला लागले. तासाला तुम्ही तिला किती वेळा उभं केलंत, माझ्याकडे किती वेळा पाहिलंत. घरी तुम्ही गप्प बसलात की मला वाटायचं, सगळं बोलणं बाहेर सांडून आलेत. अर्धी भाकरी मोडून देणारा माणूस आमच्याकडे का येत नाही, हे मी आईला एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली, "त्येंचा सोभाव हाय तसा." मग बाहेर तो सोभाव कुठे जातो, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तुमच्या दहाव्याला ती नदीवर आली. मी कोरड्या डोळ्यांनी पाहुण्यांचं चहापाणी बघत होते आणि ती हंबरडा फोडून रडली, इतकी की बायकांनी तिला धरलं. पुण्याहून आलेल्या एका म्हातारीने माझ्याच कानात विचारलं, "ही थोरली का गं?" आप्पा, मला त्या दिवशी तुम्ही गेल्याचं दुःख झालं की तिच्या रडण्याचा राग आला, हे मला आजही सांगता येणार नाही.

तर परवा रविवारी मी स्कूटी काढली आणि पारगावचा पूल ओलांडून राहू गावी गेले. ती तिथे दिलेली. नवऱ्याच्या माघारी गुऱ्हाळ तीच चालवते. मनाशी असं ठरवलं होतं की तो प्रसंग तिच्याकडून नीट ऐकून घ्यायचा आणि नातीला द्यायचा. नातीपुरता तरी तो आपल्या घरात यावा. मागायला जायचं तेही तिच्याकडे, म्हणून रस्ताभर मी धुसफुसत होते. ती गुळाच्या काहिलीजवळ उभी होती, पदर खोचलेला, केस पांढरे झालेले. उत्तरेकडचा एक कामगार उकळत्या रसावर नजर ठेवून होता. "दीदी, उतारें क्या?" "रुको अभी, कच्चा है," ती म्हणाली, आणि मला बघून तिचा चेहरा असा फुलला की मला माझीच चीड आली. खाट टाकली, वाटीत काकवी दिली. मी विषय काढला. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अगं, ते खरं न्हाई. तुला ठाव न्हवतं व्हय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सर आलते, पर रस्त्यावरच हुते. सायकलवरनं उतरलेबी न्हाईत. आईला इचारलं, पोरगी कवा येनार शाळंत, आन् गेले. आता एवढ्याचा काय निबंध व्हतोय? तेच म्हनायचे ना, प्रसंग घाला, प्रसंग घाला. मग म्या घातला. घोंगडीवर बसवलं, भाकर खाऊ घातली. मुलगी म्हनल्याचं तर निबंधात लिहित्यातच की तसं."

आप्पा, तीस वर्षं मी ज्यावर जळले ते घडलंच नव्हतं. आणि ते सगळ्या शाळेत फक्त दोघांना माहीत होतं, तिला आणि तुम्हाला. तुम्ही स्वतःबद्दलचं ते खोटं वाचलंत, त्याला नऊ मार्क दिलेत आणि मला पेन दिलंत. मी तिला विचारलं, सर काही बोलले नाहीत? "मला वाटलं, कान पिळतील. न्हाई. वही दिली, गप." तिने काहिलीतला रस ढवळला. मग म्हणाली, "पर गॅदरिंगच्या पुढच्या महिन्यात आले की. बिऱ्हाड हितंच नदीच्या अंगाला बसलं हुतं. सायकल बांधाला लावली आन् आईला म्हनले, भाकर हाय का. आई बावरली. घोंगडीवर बसले, भाकर मोडली, मला दिली. लाजल्यावानी दिसत हुते. म्हनले, हस्तलिखितात गेलंय, आता खोटं ठरायला नको."

मी वाटी खाली ठेवली. एकच प्रश्न होता आणि तो विचारताना माझा आवाज बदलला, तो तिने ओळखला असणार. "आणि ते... मुलगी म्हणाले?"

"न्हाई," ती म्हणाली. "तेवढं न्हाई म्हनले."

मला इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याची मला लाज वाटली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, क्वालिटीत सुपरवायझर, हाताखाली नऊ मुली, आणि गुऱ्हाळात बसून त्या एका 'न्हाई'वर खूश. पण ते पुलापर्यंतही टिकलं नाही. पूल ओलांडताना मला उमजलं की आधीचं जळणं बरं होतं. आधी वाटायचं, तुम्ही तिच्याशी मुळातच तसे होता. आता कळलं की तुम्ही तिच्याशीही माझ्यासारखेच होता. तिने तुम्हाला लिहून सांगितलं आणि तुम्ही गेलात. म्हणजे सांगितल्यावर तुम्ही येत होता.

घरी आले तर तुमची नात वही उघडून बसलेलीच. मी तिला घोंगडीचा प्रसंग सांगितला, खरा, नंतर घडलेला. तिने दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. "पण हा तर त्या मावशीचा झाला. मला तुझा पाहिजे."

मी म्हटलं, "आहे एक."

आपलं घर ते शाळा दीड किलोमीटर होतं. मी पायी, तुम्ही सायकलवर. रोज सकाळी ओढ्याच्या चढाला तुम्ही मला गाठायचात, घंटी वाजवायचात आणि पुढे निघून जायचात. मास्तर आपल्या पोरीला मिरवतो असं कुणी म्हणू नये, म्हणून. ते मला समजत होतं, त्यामुळे मी कधी काही बोलले नाही. नववीतल्या त्या निबंधाच्या कच्च्या वहीत मी एक प्रसंग लिहिला होता. तुम्ही चढाला सायकल थांबवता, एक पाय जमिनीला टेकवता आणि म्हणता, "बस मागं." मग आपण दोघं शाळेच्या दारापर्यंत जातो. बास, एवढाच. पक्क्या वहीत उतरवताना मी तो गाळला. आजवर मी स्वतःला असं सांगत आले की मला खोटं लिहिता येत नाही, म्हणून गाळला. कंपनीतही माझी तीच ख्याती आहे, जे मोजलं तेच लिहिणारी. पण कारण ते नव्हतं. तुम्ही तो वाचला असता, मला काय हवंय ते तुम्हाला कळलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी चढाला तुम्ही घंटी वाजवून पुढे गेला असतात तर मला ते सोसलं नसतं. तिने मागून बघितलं, मी मागितलंच नाही. म्हणून मी तिच्यावर अजूनही जळते, तिने दिलेला गूळ घेऊन आले तरी.

तुमच्या नातीला मी तो प्रसंग घडला म्हणून सांगितला. तिने विचारलं, "मग तू बसलीस?" मी म्हटलं, बसले. "आणि मैत्रिणी?" त्या बघत राहिल्या म्हटलं. "आजोबा वाटेत काय बोलले?" काही नाही, त्यांचा स्वभाव तसा होता. एवढं एक खरं सांगितलं. तिने सगळं लिहून काढलं, माझ्यासारख्याच अक्षरात, आणि उद्या वही शाळेत जाईल. तुम्ही ती तपासणार नाही. तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मला ते सांगता आलं.