सर्व्हरची बारी

२ जानेवारी २००५, पूजेनंतर
समाजाच्या सोयरिकीची वेबसाईट तयार झाली. पुस्तक वाचून, कोणालाही न विचारता. स्टोअरकीपरची नोकरी सांभाळून. तालुक्यातली लग्नाची सगळी मुलं-मुली तीत आहेत, आमची लेक मोनिकाही. एक बटण दाबलं की प्रत्येक मुलगी प्रत्येक मुलाशी ताडून बघितली जाते: देवक, शिक्षण, उंची, बागायत. मग उत्तम स्थळ समोर.
खुटबावच्या शंकररावांनी त्यांच्या भाच्यासाठी मोनिकाला विचारलंय. सुरज नाव, रांजणगावला कंपनीत आहे. घरी बोलून फोन करतो म्हणाले. बायकोला, अनसाला, घाई. मी म्हणालो, प्रोग्रामला ठरवू दे.
संकल्प: संक्रांतीच्या आत सोयरीक, तीही कॉम्प्युटरवरून.

५ जानेवारी
साईट सर्व्हरवर चढवली. नारळ फोडला. बटण दाबलं. थोडा वेळ काटा फिरला, मग पांढरं पान आणि इंग्रजीत एक ओळ: वेळ संपली. घरच्या कॉम्प्युटरवर हेच सुरळीत चालतं.
पुण्याला होस्टिंगवाल्यांना फोन. मॅडम म्हणाल्या, “काका, शेअर्ड सर्व्हर आहे. एका मशीनवर दोनशे साईट. कुठल्याच पानाला तीस सेकंदांच्या वर मिळत नाहीत. एकट्या तुमच्यासाठी सेटिंग कसं बदलू?”
पटलं. पाटाच्या पाण्याची बारी असते, ज्याला त्याला ठरलेला वेळ, तसंच हे. मी नियम पाळणारा माणूस.

८ जानेवारी
शेजारचा साहेबराव. त्याची बारी सकाळी संपली, तरी पाटाचं दार दुपारपर्यंत उघडं. माझा कांदा कोरडा. बोललो तर म्हणतो, “मारुतराव, पाणी आपसूक येतंय. म्या निस्तं अडवलं न्हाई.”
पाटकऱ्याकडे तक्रार केली. सामायिक वस्तू वापरायला मन मोठं लागतं. लोकांना कधी कळणार?

११ जानेवारी
आरती चालू असताना सुचलं. देवानंच सुचवलं. तीस सेकंद संपायच्या आत पानानं थांबायचं आणि लगेच स्वतःला पुन्हा उघडायचं. राहिलं तिथून पुढं. नियम मोडत नाही, प्रत्येक वेळी नवी बारी.
चाललं! अट एकच, फोनच्या लाईनवर इंटरनेट लावून ठेवायचं. सकाळी कंपनीची बस पकडायच्या आधी सुरू करायचं, आल्यावर बघायचं.

१४ जानेवारी, संक्रांत
मुलींची नावं अकारविल्हे आहेत. प्रोग्राम अजून ‘ज’वर. संकल्पाची तारीख थोडी पुढं ढकलली.
शंकररावांचा फोन नाही. माणसं बोलतात आणि विसरतात. अनसा म्हणाली, “फोन येईल कुठनं? लाईन तुमच्या डब्यात गुतलीया. कवाबी उचला, निस्ती खरखर.” तिला यातलं टेक्निकल समजत नाही.

१८ जानेवारी
वेग वाढवला. एकाच वेळी पाच खिडक्या उघडल्या, पाची खिडक्यांतून प्रोग्राम चालू. कॉम्प्युटरला खंडोबाचा भंडारा लावला. थोडा कीबोर्डमध्ये गेला, स्पेसचं बटण अडकतंय. देवाचाच आहे, पुसवत नाही.
संध्याकाळी गाडी ‘भ’वर. पुढचं अक्षर मोनिकाचं.

२१ जानेवारी
साईटच्या जागी एकच वाक्य: हे खातं बंद केलं आहे.
मॅडमना फोन. आज ‘काका’ नाही. “सर, तुमच्या साईटनं अख्खा सर्व्हर खाल्ला. बाकीच्यांच्या साईट उघडेनात. त्यांच्या तक्रारी आल्यात.” मी शांतपणे सांगितलं, पान आपोआप उघडत होतं, मी फक्त थांबवलं नाही. त्यांनी फोन ठेवला. मॅडमना माणसांशी बोलायची पद्धत नाही.
संध्याकाळी पाटकरी आला. साहेबरावाला समज दिली म्हणाला. अनसा त्याला चहा देत म्हणाली, “त्यांचं समजंवर भागलं, भाऊ. आमच्या मालकांचं तर दारच काढून न्हेलं.” आतून मोनिकाचं हसू ऐकू आलं. पाटकऱ्याला काही कळलं नाही, तरी तोही हसला.

२३ जानेवारी, रविवार
कॉम्प्युटर बंद. चहा होतोय तोच फोन वाजला. शंकरराव. “अवो, किती दिस लावतोय, सारखा एंगेज! बहिणीला म्हणलं, पोरीला स्थळांची रांग लागलीया, आपुन बसू हात चोळत. निघालोच बघा!”
दुपारी जीप भरून आले. देवकाचं अनसा आणि सुरजच्या आईनं भाकरी थापता थापता बघून घेतलं. मोनिकानं सुरजला अंगणात नेऊन बरंच काही विचारलं. येताना दोघंही हसत होते. तिन्हीसांजेला सुपारी फुटली.
लाईन गुंतली म्हणून स्थळाची किंमत वाढली, म्हणजे सोयरीक कॉम्प्युटरनंच जमवली. हे मी पंगतीत समजावून सांगितलं. शंकररावांनी भात मागितला.
सगळे गेल्यावर समाजासाठी नवं होस्टिंग शोधायला बसलो. मॉडेमची वायर जागेवर नाही. देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकामागं नीट गुंडाळून ठेवलेली दिसली. हात पुढं होईना. अनसा म्हणाली, “आता पाव्हण्यांचे फोन यायचे. तुमची बारी लग्न झाल्यावर.”
देवाकडे पाहिलं. आज त्यानं काही सुचवलं नाही.