म्हशीसाठी लुगडं

औसा, चैत्रातला सोमवार

आज लातूरची गिऱ्हाइकं गोठा बघायला आली. नवा जिल्हा झाल्यापास्नं बदलीवर आलेली माणसं. दुधात पाणी हाय म्हणून कुरकुर करायची. मीच बोलावलं. म्हटलं, या दुष्काळात आम्हालाच टँकरचं पाणी, दुधात कुठून घालू? या, डोळ्यांनी बघा.

त्यांच्यासमोर लाज वाटली, म्हणून माझ्या बायकोचं, सुमनचं लुगडं पांघरलं न्हाई. म्हशीनं पान्हाच सोडला न्हाई. धार कायम सुमनच काढायची. ती वारल्यापास्नं तिचं लुगडं अंगावर घेतल्याबिगर म्हैस मला जवळ येऊ देत न्हाई. शेवटी घेतलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बादलीत धार वाजायला लागली तशा पुढं सरकून डोकावल्या.

निघताना एका साहेबाची बायको म्हणाली, "लई मळलंय हो मामा, धुऊन पाठवू का?"

मी लुगडं हिसकूनच घेतलं. उगीच तडकलो का? बाई चांगल्या मनानं बोलली. पण धुतल्यावर त्यात काय राहील?

आता लुगडं नाकाशी धरून बसलोय. पेंडीचा वास येतो, शेणाचा येतो. म्हशीला त्यात सुमन अजून सापडती. मला न्हाई.